हेलियम : सूर्यावरची पिवळी रेघ आणि खनिजाचे पृष्ठ

मूलद्रव्यांच्या कोष्टकातील फार थोड्या नावांचे आपल्या मुलुखाशी नाते जोडले जाते. हेलियम हे त्यांतले ठळक नाव. पेडण्याहून उत्तरेला, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात विजयदुर्ग किल्ला आहे. त्या किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियमची आठवण म्हणून कार्यक्रम होतात. "१८६८ साली लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला," हे वाक्य कोकणात आणि गोव्यात भाषणांतून, फलकांतून आणि वर्गांतूनही ऐकू येते. या वाक्यातली माणसे, स्थळ आणि ग्रहण खरे आहेत. परंतु त्यांची सांगड चुकली आहे. ती सांगड नीट बसवणे हा या पाठाचा पहिला हेतू आहे.

दुसरा हेतू असा. हेलियम म्हणजे फुग्यात भरायचा हलका वायू, एवढीच ओळख सर्वसाधारण असते. प्रत्यक्षात घन पदार्थाच्या अगदी वरच्या थरात कोणते अणू आहेत हे ओळखण्यासाठीही हेलियम वापरतात. डिचोली तालुक्यातल्या शिरगाव, मुळगाव, मये, पिळगाव या गावांना लोहखनिज परके नाही. म्हणून पृष्ठभागाच्या वर्णपटविज्ञानाची उदाहरणे त्या खनिजावरूनच घेतली आहेत. तिसरा हेतू भाषेचा आहे. हा विषय मराठीत, सूत्रासह आणि आकडेमोडीसह, मांडता येतो की नाही, हे वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे.

१. अठरा ऑगस्ट १८६८

त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण कोकणात शिरला. पुढे विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा तो बंगालच्या उपसागराकडे आणि नंतर सयामकडे गेला. सूर्य पूर्ण झाकलेला असण्याचा काळ भारतात पाच-सहा मिनिटांचा होता. एवढा मोठा काळ क्वचितच मिळतो, म्हणून युरोपातून आणि भारतातल्या वेधशाळांतून अनेक तुकड्या या पट्ट्यात जाऊन थांबल्या. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि ब्रिटिश तुकडीचे मेजर टेनंट होते. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. कॅप्टन हेग यांनी विजापूरहून वेध घेतले.

या सर्वांजवळ एक नवे साधन होते, ते म्हणजे वर्णपटदर्शक. प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात, हे न्यूटनपासून ठाऊक होते. १८५९-६० च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की तापलेल्या वायूरूप मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्याच रेघा असतात आणि त्या दुसऱ्या मूलद्रव्याशी जुळत नाहीत. घरातल्या गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडले की ज्योत पिवळी होते. तो सोडियमचा रंग. वर्णपटदर्शकातून पाहिल्यास तिथे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन जवळजवळच्या रेघा दिसतात. त्यांना 'डी' रेघा म्हणतात.

ग्रहणात सूर्याची तबकडी झाकली गेली तेव्हा तिच्या कडेला लालसर ज्वाळा दिसल्या. त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेघा होत्या. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या, हा ग्रहणाचा मुख्य निष्कर्ष. त्या रेघांत एक पिवळी रेघही होती आणि ती अनेक निरीक्षकांना दिसली. परंतु बहुतेकांनी ती सोडियमची 'डी' रेघ किंवा तिच्या अगदी जवळची म्हणून नोंदवली. त्या गडबडीच्या काही मिनिटांत दीड नॅनोमीटरचा फरक मोजणे सोपे नव्हते.

जान्सेन यांचे मोठे काम दुसऱ्या दिवशीचे. रेघा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या ध्यानात आले. १९ ऑगस्टला त्यांनी भर उन्हात सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक लावला आणि त्या पाहिल्या. इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते. त्यांचे उपकरण उशिरा तयार झाले आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनाही ग्रहणाविना ज्वाळांचा वर्णपट मिळाला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेले पदक काढले.

आता घाई नव्हती. लॉकियर यांनी पिवळ्या रेघेची जागा शांतपणे मोजली. ती सोडियमच्या दोन्ही रेघांपासून वेगळी होती. आजच्या मापाने तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर आहे. तिला 'डी-तीन' हे नाव मिळाले. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोग करूनही उलगडा झाला नाही, तेव्हा ही रेघ पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी, असा तर्क पुढे आला.

म्हणजे हेलियमचा शोध एका दिवसाचा किंवा एका माणसाचा नाही. रेघ भारतातल्या ग्रहणात दिसली. ती रोज पाहता येईल असा मार्ग गुंटूर आणि इंग्लंड या दोन ठिकाणी सापडला. ती वेगळी आहे हे इंग्लंडमध्ये मोजले गेले. आणि पदार्थ हाती यायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमयुक्त खनिज आम्लात टाकून निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला, तेव्हा तीच पिवळी रेघ चमकली. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे क्लेव्ह आणि लांग्ले यांनी हा वायू स्वतंत्रपणे मिळवून त्याचा अणुभार काढला.

२. विजयदुर्गाचे चौथरे

मग विजयदुर्गाचे काय? १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे गेला. या ग्रहणासाठी लॉकियर यांची तुकडी विजयदुर्ग किल्ल्यात उतरली. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. दुर्बिणी आणि कॅमेरे स्थिर ठेवायला पक्के चौथरे लागतात. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून जे दाखवतात, त्यांचा मेळ या मोहिमेशी बसतो.

लोकस्मृतीत दोन ग्रहणे एक झाली, याचे नवल नाही. पट्टे दोन्ही वेळा दक्षिण कोकणावरून गेले होते. हेलियमशी जोडलेला माणूस खरोखर किल्ल्यावर राहून गेला होता. ओटेही डोळ्यांसमोर होते. परंतु १८९८ मध्ये हेलियम प्रयोगशाळेच्या नळीत बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

ही दुरुस्ती केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व उणे होत नाही. जगातल्या मोजक्या सौर मोहिमांपैकी एक या किल्ल्यात झाली, हे पुरेसे मोठे आहे. शिवाय त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीही वेध घेतले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच चालवली. पुढे ती बंद झाल्यावर तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्याचप्रमाणे १८६८ च्या ग्रहणात मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी हेही निरीक्षक होते. चुकीच्या वाक्यामुळे ही नावे झाकली जातात, आणि हे नुकसान आपले आहे. विद्यार्थ्याला आपण "इथे शोध लागला" एवढेच सांगतो तेव्हा त्याला अभिमान मिळतो, पण शोध कसा लागतो हे मिळत नाही. दोन रेघांतले दीड नॅनोमीटर अंतर कोणी, कुठे, कसे मोजले, हेच तर विज्ञान आहे.

३. नावाची गोष्ट

ग्रीक भाषेत 'हेलिओस' म्हणजे सूर्य. त्यावरून हेलियम. शेवटचा 'इयम' हा प्रत्यय धातूंच्या नावांना लावतात, उदाहरणार्थ सोडियम, कॅल्शियम. नाव देताना हे मूलद्रव्य धातू असेल असे गृहीत होते. नंतर सापडलेल्या त्याच्या भावंडांची नावे 'ऑन'ने संपतात : आर्गॉन म्हणजे आळशी, निऑन म्हणजे नवा, क्रिप्टॉन म्हणजे दडलेला, झेनॉन म्हणजे परका. हेलियम तेवढा धातूचा शेपूट लावून बसला आहे.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी दोन गोष्टी आवडतील. 'हेलिओस' आणि संस्कृत 'सूर्य', 'स्वर्' हे शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. आणि 'हेलि' हा शब्द ग्रीकांकडून संस्कृतातही आला. वराहमिहिराने बृहज्जातकात सूर्याच्या नावांत तो दिला आहे. तेव्हा 'हेलियम' हा शब्द मराठीला वाटतो तितका परका नाही.

या गटाला मराठीत राजवायू, निष्क्रिय वायू, उदासीन वायू, अक्रिय वायू अशी नावे आहेत. 'राजवायू' हे सोने-प्लॅटिनम यांच्या 'राजधातू'वरून आलेले दिसते. सहज कोणाशी संयोग न करणारे ते राजस, अशी त्यातली कल्पना. 'निष्क्रिय' हा शब्द मात्र आता जपून वापरावा. १९६२ मध्ये बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि हा गट पूर्ण निष्क्रिय नाही हे सिद्ध झाले. या लेखात म्हणून 'राजवायू' हाच शब्द ठेवला आहे.

४. गुणधर्म

हेलियमचा अणुक्रमांक २ आणि अणुभार सुमारे ४ आहे. त्याच्या एकुलत्या एका कवचात दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि तेवढ्यानेच ते कवच भरते. त्यामुळे इलेक्ट्रॉन द्यायची किंवा घ्यायची त्याला गरज नसते. पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हा आकडा सर्व मूलद्रव्यांत मोठा आहे आणि पुढे पृष्ठभागाच्या अभ्यासात तो पुन्हा येणार आहे.

अणूंमधले आकर्षण अत्यंत क्षीण असल्यामुळे हेलियमचा उत्कलनबिंदू उणे २६९ अंश सेल्सियस, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर ४.२ अंश इतका खाली आहे. १० जुलै १९०८ ला लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी तो प्रथम द्रवरूप केला. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्यासाठी सुमारे २५ पट दाब लागतो. २.१७ अंशांच्या खाली द्रव हेलियम अतिप्रवाही होतो आणि अतिसूक्ष्म फटींतूनही घर्षणाविना वाहतो.

सूर्याच्या साध्या प्रकाशात हेलियमची रेघ जवळजवळ का उमटत नाही, हा प्रश्न विद्यार्थी विचारू शकतात आणि तो विचारण्यासारखा आहे. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सियस तापमानाचा आहे. हेलियमच्या अणूला उत्तेजित करायला तेवढी उष्णता पुरत नाही. त्यावरच्या वर्णगोलात आणि ज्वाळांत परिस्थिती वेगळी असते, म्हणून पिवळी रेघ तिथे दिसते आणि म्हणूनच ती सापडायला कडेकडे पाहावे लागले.

५. मिळतो कुठे, लागतो कशाला

विश्वातल्या साध्या द्रव्याचा सुमारे पाव भाग हेलियम आहे, पण पृथ्वीच्या हवेत तो दहा लाख भागांत पाचच भाग आहे. हलका असल्यामुळे तो वातावरणातून निसटतो. खडकातल्या युरेनियम आणि थोरियम यांच्या विघटनात जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजे हेलियमची अणुकेंद्रेच. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की त्यांचा हेलियम होतो. असा युगानुयुगे साठलेला वायू काही नैसर्गिक वायूच्या साठ्यांत सापडतो आणि जगाचा पुरवठा मुख्यतः तिथूनच होतो. भारतात बंगालमधील बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून निघणाऱ्या वायूत तो आहे, केरळच्या मोनाझाइट वाळूतही आहे. तरी देशाला लागणारा हेलियम आयात होतो. एकदा हवेत सुटलेला हेलियम परत गोळा करणे परवडत नाही. या अर्थाने तो खनिजच आहे, आणि खाणीच्या तालुक्याला 'संपणारी वस्तू' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

त्याचा मोठा वापर थंडाव्यासाठी होतो. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचे अतिसंवाहक चुंबक द्रव हेलियममध्ये बुडवलेले असते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात तो हजार-दीड हजार लिटर लागतो. रॉकेटच्या इंधनटाक्यांत दाब राखायला, वेल्डिंगला, प्रकाशतंतू बनवायला आणि खोल पाण्यातल्या पाणबुड्यांच्या श्वासवायूत मिसळायलाही तो वापरतात. औषधकारखान्यांच्या प्रयोगशाळांत वायूवर्णलेखन करताना नमुना पुढे वाहून नेणारा वायू म्हणूनही तो चालतो. बारीक गळती शोधण्यासाठी तर तो आदर्श ठरतो, कारण अणू लहान आहे आणि हवेत मुळात तो नगण्य असल्याने चटकन ओळखू येतो.

६. पृष्ठ वाचणे

मराठीत 'पृष्ठ' म्हणजे पाठ, वरचा भाग आणि पुस्तकाचे पानही. घन पदार्थाचे पृष्ठ वाचणे हा शब्दप्रयोग म्हणूनच इथे चपखल बसतो.

खाणीवर खनिजाचा दर्जा सांगताना त्यात लोह किती टक्के आहे ते सांगतात. हा आकडा संपूर्ण ढिगाऱ्याचा असतो. परंतु कण पाण्याशी, हवेशी आणि मातीशी व्यवहार करतो तो त्याच्या वरच्या थराने. लोहाच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग फॉस्फेट घट्ट धरून ठेवतो. जांभ्याच्या लाल जमिनीत घातलेले फॉस्फरसयुक्त खत पिकाला पुरते मिळत नाही याचे हे एक मुख्य कारण. खाणीचा गाळ वाहून शेतात आला की त्यातले कण काय धरतात आणि काय सोडतात हेही पृष्ठभागच ठरवतो. गाळातली वाळू लोहकणांपासून वेगळी करायची असेल तरी रसायने कणाच्या पृष्ठभागावरच काम करतात. डिचोलीच्या शेतकऱ्याचा आणि खाणकामगाराचा संबंध येतो तो असा, नॅनोमीटर जाडीच्या थराशी.

हा थर वाचण्याची एक प्रमुख रीत म्हणजे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान. नमुन्यावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण टाकायचे आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. टाकलेल्या ऊर्जेतून मोजलेली ऊर्जा वजा केली की इलेक्ट्रॉन अणूत किती घट्ट बांधलेला होता ते कळते. ॲल्युमिनियमच्या क्ष-किरणांची ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हेमाटाइट या लोहखनिजातून सुमारे ७७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन आले, तर बंधनऊर्जा सुमारे ७११ होते. धातुरूप लोहाचा आकडा ७०७ च्या आसपास असतो. चार एककांच्या या फरकावरून लोह गंजलेले आहे की शुद्ध, हे समजते. आतले इलेक्ट्रॉन वाटेतच अडखळतात, म्हणून माहिती मिळते ती वरच्या पाच ते दहा नॅनोमीटरचीच. ही पद्धत काय सिगबान यांनी उप्सालाला विकसित केली आणि त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेलियमचा अणुभार काढला गेला तेही याच गावी.

या पद्धतीला हायड्रोजन आणि हेलियम ही दोन मूलद्रव्ये दिसत नाहीत. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांवर या क्ष-किरणांचा परिणाम नगण्य होतो आणि निर्वातात तो पृष्ठभागाला चिकटूनही राहत नाही. मात्र जो स्वतः दिसत नाही तोच दुसऱ्याला दाखवायला उपयोगी पडतो. विजेने उत्तेजित केलेला हेलियमचा दिवा २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अतिनील प्रकाश देतो. क्ष-किरण अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना हात घालतात, तर हा सौम्य प्रकाश बाहेरच्या, रासायनिक बंध करणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाच बाहेर काढतो. त्याची ऊर्जा अगदी एकसारखी असल्यामुळे मोजणी नेमकी होते. १९६० च्या दशकात टर्नर यांनी ही रीत प्रथम वायूंसाठी रूढ केली. पुढे ती पृष्ठभागांसाठी नित्याची झाली.

७. हेलियमचा स्ट्रायकर

दुसरी रीत कॅरम खेळणाऱ्याला लगेच समजेल. हलका स्ट्रायकर जड सोंगटीवर आदळला तर बराच वेग राखून परततो. सोंगटी जवळपास त्याच वजनाची असेल तर स्ट्रायकरचा बहुतेक वेग तिच्याकडे जातो. किती वेगाने परतला ते मोजले की समोरच्या सोंगटीचे वजन न पाहता सांगता येईल.

हेलियमच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून त्याचा आयन करायचा, त्याला सुमारे १००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा द्यायची आणि नमुन्यावर सोडायचे. मूळ दिशेशी काटकोनात विखुरलेल्या आयनांसाठी सूत्र सोपे आहे :

परतीची ऊर्जा = मूळ ऊर्जा × (समोरच्या अणूचे वस्तुमान − हेलियमचे वस्तुमान) ÷ (समोरच्या अणूचे वस्तुमान + हेलियमचे वस्तुमान)

डिचोलीच्या लोहखनिजात लोह, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असतात असे धरू. हेलियमचे वस्तुमान ४.

ऑक्सिजन (१६) : १००० × १२ ÷ २० = ६००
ॲल्युमिनियम (२७) : १००० × २३ ÷ ३१ = ७४२
सिलिकॉन (२८) : १००० × २४ ÷ ३२ = ७५०
लोह (५६) : १००० × ५२ ÷ ६० = ८६७

आलेखावर ६०० आणि ८६७ पाशी शिखरे दिसली तर वरच्या थरात ऑक्सिजन आणि लोह आहेत. ७५० च्या आसपास शिखर आले तर कणावर वाळूचा किंवा चिकणमातीचा लेप आहे. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्यात आठच एककांचे अंतर असल्यामुळे त्यांना वेगळे करणे कठीण. लोह आणि मँगनीज (५५, म्हणजे ८६४) यांचे तर त्याहून कठीण. तिथे क्ष-किरणांची रीतच कामाला येते. कोणतेही एक साधन सर्व काही सांगत नाही.

स्ट्रायकर जड घेतला तर? आर्गॉनचे वस्तुमान ४०. त्याच्यासमोर ऑक्सिजनचा अणू हलका ठरतो, वरच्या सूत्रात उत्तर उणे येते. म्हणजे त्या कोनात आर्गॉन परतत नाही आणि ऑक्सिजन दिसतच नाही. हलक्या अणूंसाठी हलका हेलियमच हवा.

आता २४.६ हा आकडा आठवू. इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम तो परत मिळवायला आतुर असतो. जो आयन पहिल्या थराच्या आत शिरतो तो वाटेत इलेक्ट्रॉन पटकावतो, उदासीन होतो आणि आयन मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही. आयन म्हणून परततात ते मुख्यतः अगदी वरच्या थरावर आदळलेले. म्हणून ही रीत एका अणूच्या जाडीचा थर वाचते. राजवायूंच्या आयनांनी पृष्ठभाग असा वाचता येतो हे डी. पी. स्मिथ यांनी १९६७ मध्ये दाखवले.

दोन काळज्या घ्याव्या लागतात. पहिली निर्वाताची. हवेचा दाब अब्जांश करूनही एवढे रेणू उरतात की काही सेकंदांतच पृष्ठभागावर त्यांचा एक थर बसू शकतो. म्हणून त्याहून हजारपट चांगला निर्वात लागतो. दुसरी काळजी सफाईची. वरचा मळ काढण्यासाठी आर्गॉनच्या आयनांचा मारा करतात. पण या माऱ्याने हेमाटाइटमधला ऑक्सिजन आधी उडतो आणि उरलेले लोह अंशतः क्षपित होते. नमुना स्वच्छ करता करता त्याचे रूप बदलते, आणि हे ध्यानात न घेणारा अभ्यासक खाणीत नसलेले संयुग खनिजात 'शोधून' काढतो. वायू राजस असला तरी त्याचा धक्का रासायनिक बदल घडवू शकतो.

८. जांभ्यातले घड्याळ

आपल्या चिऱ्यात गोथाइट हे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड असते. त्यात युरेनियम आणि थोरियम अत्यल्प प्रमाणात अडकलेले असतात. त्यांच्यातून हळूहळू निर्माण होणारा हेलियम बहुतांशी त्याच कणात राहतो. कणातला हेलियम, युरेनियम आणि थोरियम मोजले की तो कण केव्हा तयार झाला ते काढता येते. ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधल्या लोहमय जमिनींची वये या रीतीने काढली आहेत. ज्या वायूची पिवळी रेघ पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याच्या कडेवर सापडली, तोच घराच्या भिंतीतल्या चिऱ्यात काळ मोजत बसला आहे. फरक एवढाच की भिंतीतला हेलियम अतिशय थोडा आहे आणि तो मोजायला उत्तम यंत्र लागते.

९. शिक्षकांसाठी

परिभाषा : वर्णपट म्हणजे प्रकाशाचा किंवा कणांचा ऊर्जेनुसार मांडलेला आलेख. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन कमी किंवा जास्त असलेला अणू. बंधनऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा. अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणे. शोषण म्हणजे आत घेणे. हे शेवटचे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. फॉस्फेट आणि लोहाच्या कणाचे उदाहरण मुख्यतः अधिशोषणाचे आहे.

गोव्यात अनेक मुले मराठीत प्राथमिक शिक्षण घेऊन पुढे इंग्रजीतून विज्ञान शिकतात. त्यांना हे शब्द नवे वाटतील, पण त्यामागची कल्पना त्यांच्या घरच्या भाषेत आधी पोचली असेल तर पुढचा शब्द पाठ करावा लागत नाही. तेव्हा सूत्र देण्यापूर्वी कॅरमचा बोर्ड मांडावा.

पडताळ्यासाठी प्रश्न :

(१) हेलियमच्या आयनांना २००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली. काटकोनात १२०० आणि १७३३ येथे शिखरे आली. वरच्या थरात कोणती मूलद्रव्ये आहेत?

(२) त्याच नमुन्यावर आर्गॉन वापरला तर कोणते शिखर नाहीसे होईल आणि का?

(३) १८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांत कोण कुठे होते याचा तक्ता करा आणि "हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला" हे वाक्य दुरुस्त करून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मावणार नाही. विद्यार्थ्याने चार-पाच वाक्ये लिहिली, त्यांत गुंटूर, जमखंडी, मच्छलीपट्टण, विजयदुर्ग आणि जेऊर यांना आपापली जागा मिळाली, तर उत्तर बरोबर समजावे.